चार वाजताचा उजेड

मंचरचा तो पत्र्याचं काम करणारा माणूस बाजारात भेटला की तब्येतीच्या आधी विचारतो, "ताई, उजेड बरा हाय ना?"

डिंगोरे गावात माझं शिवणकाम घराच्या मधल्या खोलीत चालतं. दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या भिंती, खिडकी नाही. बल्बखाली काळा दोरा आणि गडद निळा दोरा सारखाच दिसायचा. ब्लाउज परत यायला लागले, तेव्हा मी त्याला बोलावलं. त्याने छपराला भोक पाडून आतून आरशासारखा चकचकीत पाइप बसवला, वर पारदर्शक घुमट. भर दुपारी खोलीत लख्ख उजेड पडला. मी खूश झाले.

तो मात्र हत्यारं आवरून तिथंच बसून राहिला.

"आता कशाला थांबलात, भाऊ?"

"दुपारी कुणाचाबी पाइप चालतो. चारला बघू."

चारला शेजारच्या पाण्याच्या टाकीची सावली घुमटावर आली आणि खोलीत पुन्हा अंधारलं. त्याने सगळं उतरवलं, भोकावर पत्रा झाकला. दुसऱ्या दिवशी आधीपेक्षा हातभर जास्त लांब पाइप आणून घुमट सावलीच्या वर जाईल असा बसवला आणि पुन्हा चार वाजेपर्यंत थांबला. मग दोन रिळं माझ्यापुढे धरली.

"निळं कोणतं?"

मी पटकन बोट ठेवलं. तेव्हा कुठं तो चहाला हो म्हणाला.