वर गेलेला दगड

बातमी आली तेव्हा मी स्टाफरूममध्ये नेमकी ओव्हाळ सरांचीच नक्कल करत होतो. मान तिरकी, खडू कानामागे, "बोला, पुढचा आकडा कुणाचा?" सगळे हसतायत, आणि शिपाई दारातून म्हणाला, "लोणावळ्याहून फोन होता. ओव्हाळ सर गेले..." खडू कानामागेच राहिला.

सर आंदर मावळातले. फिजिक्सच्या प्राध्यापकांना कॉम्प्युटरच्या पद्धतीनं शिकवायचं कसं, ते सांगायला लोणावळ्यात, तुंगार्लीच्या एका बंगल्यात उन्हाळी वर्ग घ्यायचे. कॉम्प्युटर मात्र मुंबईत! कॉम्प्युटरला गणित कळावं म्हणून आम्ही भोकं पाडलेली कार्डं सकाळच्या गाडीनं जायची, उत्तराचा कागद संध्याकाळी यायचा. मी गेलो त्या वर्षी शेवटच्या दिवशी वर्गाला अनुदान देणारी कमिटी येणार होती. पटलं तर वर्ग चालू, नाहीतर कुलूप.

आदल्या संध्याकाळी कागद आला. वर फेकलेला दगड कधी खाली पडतो, एवढंच विचारलं होतं. दगड वर गेला... आणि जातच राहिला. सरांच्याच कार्डावर गुरुत्वाकर्षणाआधीचं वजा चिन्ह राहून गेलं होतं. मला हसू आलं, पण सरांचा चेहरा बघून दाबलं.

"सर, गाडी चुकली म्हणू. कागद आलाच नाही."

"न्हाई रं नकल्या." चिडले की सरांची मावळी बोली बाहेर यायची. "उद्या ह्योच लावायचा. मास्तरच चूक झाकाया लागला, तर पोरं काय शिकणार?"

सकाळी कागद भिंतीवर. कमिटी त्याच्यासमोर उभी. सरांनी आम्हालाच ओळीनं खुर्च्यांवर बसवलं. एकानं वेग काढायचा, पुढच्यानं उंची, चिठ्ठी पुढं सरकवायची. आम्हीच कॉम्प्युटर! वेगाची खुर्ची रिकामी ठेवलेली.

"साहेब, इथं तुम्ही बसा."

कमिटीचे अध्यक्ष लालबुंद. उठले... मला वाटलं, चालले आता. ते येऊन बसले. कार्डावर होतं तसंच गणित करत गेले आणि दुसऱ्याच चिठ्ठीला थबकले. "अहो, वर जाणाऱ्या दगडाचा वेग वाढतोय कसा? वजा कुठाय?"

"माझ्याकडून राहिला," सर म्हणाले.

मग अध्यक्षच हसले. "मी शोधला ना पण! हे पोरांकडून असंच करून घ्या. पुढच्या वर्षी परत येतो."

परवा सरांच्या घरी गेलो. मावशी, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणाल्या, "एकदा त्यांच्यावानी बोल की रं." मान तिरकी केली, तोंड उघडलं... आवाजच फुटेना. समोर टेबलाच्या काचेखाली तोच कागद. वजा सरांनी कधी लिहिलाच नाही. दगड अजून वरच चाललाय.