हळदकुंकवाची कात्री

सुपरिंटेंडेंटबाईंनी पेटी उघडली, आतली कात्री दोन बोटांत धरून वर उचलली आणि माझ्याकडे पाहिलं.

"सिस्टर, हे काय आहे?"

कात्रीच्या दोन्ही पात्यांना हळदकुंकू लावलेलं होतं. मुठीला झेंडूची पाकळी चिकटली होती. पेटीची मालकीण, आमची सोनाआजी, पदर सावरून शेजारीच उभी होती आणि शाबासकीची वाट बघत होती. माझे मात्र कान तापले.

ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. इंदापूर तालुक्यात अंथुर्ण्याच्या दवाखान्यात मी नर्स होते. मुंबई राज्यात तेव्हा नर्स आणि सुइणींच्या नोंदणीचा कायदा होता. गावोगावच्या म्हाताऱ्या सुइणींना चार गोष्टी शिकवायच्या, प्रत्येकीला एक पेटी द्यायची आणि वरून कोणीतरी येऊन तपासणी करायची, अशी आमच्याकडची पद्धत. पेटीत कात्री, नाळ बांधायचा दोरा, साबण, नखं घासायचा ब्रश आणि कापूस. तपासणीत पास झाली तर सुइणीला प्रमाणपत्र. नापास झाली तर पेटी परत आणि बाळंतपणं बंद.

सोनाआजीनं निम्मा गाव आपल्या हातांनी जगात आणला होता. मला ती फार आवडायची, हे सांगून टाकते. आणि त्या दिवशी तिची नात पहिल्या बाळंतपणाला कळसच्या सासरहून माहेरी आलेली होती. नववा महिना सरत आला होता. पेटी गेली असती तर आजीला स्वतःच्या नातीला हात लावता आला नसता.

सुपरिंटेंडेंटबाई पुण्याच्या. सरकारनं त्यांना शिकायला अमेरिकेला पाठवलं होतं. जीपमधून येताना वाटभर मी तेच ऐकत होते. तिकडे म्हणे आख्खी हॉस्पिटलं तपासायला मंडळं असतात. हातात यादी घेऊन येतात आणि नामांकित हॉस्पिटलालाही बेधडक नापास करतात. बाईंनी तशीच एक यादी मराठीत टाइप करून आणली होती. तिसरा प्रश्न होता, 'हत्यारं निर्जंतुक आहेत काय?' निर्जंतुक म्हणजे उकळून जंतू मारलेली. बाईंनी पेन उघडलं.

"आजी, हे कुणी लावलं?" मी घाईनं विचारलं.

"म्याच की! रोज सकाळी आंगूळ घालून पुजते. तुमीच सांगितलं हुतं न्हवं, कात्री देवावानी जपा म्हून?"

सांगितलं होतं. अगदी ह्याच शब्दांत. घरातल्या बायका कात्रीनं सुतळी कापतील, भाजी चिरतील, म्हणून मी शिकवताना दरवेळी ते वाक्य टाकायची. आजीनं ते शब्दशः पाळलं. आमच्याकडे देवाला नुसतं फडक्यात गुंडाळून कोण ठेवतं?

"बाई, चूक माझी आहे," मी म्हणाले. "मी शिकवलं तसंच त्यांनी केलं."

"चूक कुणाची, हा रकाना यादीत नाही," बाई म्हणाल्या. पण पेन थांबलं. "आजी, बाळंतपणाला जाताना कात्रीचं काय करता? करून दाखवा."

आजीनं पातेल्यात पाणी घेतलं, कात्री धुतली, आत सोडली आणि चुलीवर ठेवली. पाण्याला उकळी फुटली तशी ती परातीत पीठ घेऊन भाकरी थापायला बसली.

"आता स्वयंपाक?" बाईंनी मला हळूच विचारलं.

"वीस मिनिटं उकळायचं," आजी तव्यावर भाकरी टाकत म्हणाली. "माझ्याकडं घड्याळ न्हाय. धा भाकरी झाल्या की वीस मिंटं झाली. नर्सबाईंच्या घड्याळावर लावून बघितलंय."

बाई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ओट्यावर टेकल्या. पोटुशी नात दाराआडून बघत होती. चार भाकऱ्या झाल्या. सहा झाल्या. दहावी भाकरी फुगली तेव्हा बाईंनी घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं होऊन वर थोडी गेली होती.

आजीनं कोपरापर्यंत हात धुतले, नखं ब्रशनं घासली, पातेलं उतरवून झाकण धरून पाणी ओतून टाकलं. कात्री आतच. हळदीचा कणही उरला नव्हता. बाईंनी बघायला हात पुढे केला.

"हात लावू नगा!" आजी कडाडली. "तुमी हात धुतलं न्हाईत!"

एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याला असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. बाईंनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, नखांसकट.

परत येऊन म्हणाल्या, "आजी, पूजा करा, पण पेटीची. बाहेरून. आतल्या कशालाही हळद लावायची नाही."

आजीनं विचार केला. "चालंल. देव आतच हाय की."

यादीत तिसऱ्या प्रश्नापुढे बाईंनी 'होय' लिहिलं. मला एवढं रडू आलं की मी जीपकडे बघत उभी राहिले. निघताना बाईंनी दोन भाकऱ्या मागून घेतल्या.

त्याच आठवड्यात नात बाळंत झाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. नाळ आजीनंच कापली. मी नुसती जवळ होते.

प्रमाणपत्र पुढे टपालानं दवाखान्यात आलं. आजीला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिचं आख्खं नाव, गाव, तालुका, सही, शिक्का.

"आन् हात धुवावं, ह्ये कुठं लिवलंय?"

"ते नाही लिहिलेलं, आजी."

"मंग ह्यो कागद काय कामाचा?"

मी पेन काढलं आणि शिक्क्याखाली, उरलेल्या जागेत, ठळक अक्षरांत लिहिलं, 'आधी हात धुवावेत.' तेही वाचून दाखवलं. आजीनं मान डोलावली आणि कागद घडी घालून कनवटीला खोचला.

सरकारी कागदावर आपल्या हातानं काही लिहू नये, हा नियम मला पाठ होता. सगळ्या नोकरीत तो मी एवढा एकदाच मोडला.