नाही म्हटलं नव्हतं

जव्हारच्या दवाखान्यात मी रक्त तपासणीची तंत्रज्ञ म्हणून रुजू झाले, तेव्हाची गोष्ट. एका मावशींच्या घराची मागची खोली भाड्याने घेतली होती. मावशी एकट्याच, शेजारच्या खोलीत. आठवड्यातून दोनदा मी जीपने खोडाळ्याला नमुने घ्यायला जायची.

त्या जीपमध्ये एक शिक्षक असायचे. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. एकदा गर्दीत त्यांनी माझी नमुन्यांची पेटी मांडीवर धरली. मी आभार मानले. ओळख एवढीच.

मग ते मी जाईन तिथे दिसू लागले. बाजारात, दाभोशाच्या आरोग्य शिबिरात, मैत्रिणीबरोबर शिरपामाळला फिरायला गेले तर तिथेही. प्रत्येक वेळी हसून, "अरे, तुम्ही इथे?" एका सकाळी जीपमध्ये म्हणाले, "काल ताप होता ना? मग आज कशाला निघालात?"

आदल्या दिवशी मी खोलीबाहेरही पडले नव्हते.

यांना कोण सांगतं? जीपवाल्याचा संशय आला, मग औषधाच्या दुकानातल्या माणसाचा. मोबाईलमध्येच काही गडबड असेल म्हणून नंबर बदलला. जाण्यायेण्याच्या वेळा बदलल्या. कपडे खोलीतच वाळत घालू लागले. जीपवाला "मॅडम, आज उशीर?" म्हणाला तरी मला वाटायचं, हा आता कळवणार. दवाखान्यातल्या वरिष्ठ बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ते? सज्जन माणूस आहे. एवढंसं गाव, दिसणारच माणसं." मग मी माझ्यावरही संशय घेऊ लागले.

एका दुपारी डोकं दुखत होतं म्हणून लवकर परतले. मावशींच्या दारात पुरुषाच्या चपला होत्या. आत ते शिक्षक खाटेवर बसून चहा पीत होते. मावशी खुशीत म्हणाल्या, "बघ, जावईबापू आलेत!"

"कोण जावई?"

"अगं, लाजतेस काय? घरच्यांनी ठरवलंय ना तुमचं? तू स्वतःहून काही बोलली नाहीस, म्हणून मीही विषय काढला नाही. ते बिचारे काळजीने विचारायला येतात, जेवली का, बरी आहे का."

मी ओरडले, "मावशी, मी या माणसाला ओळखतसुद्धा नाही!"

मावशींचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी त्या शिक्षकांच्या हातातली कपबशी काढून घेतली आणि दाराकडे बोट दाखवलं. ते गेले, पण घाबरून नाही, रुसलेल्या माणसासारखे.

दुसऱ्या दिवशी मावशी माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात आल्या. तिथल्या हवालदाराने विचारलं, "हात लावला का? धमकी दिली?" मी नकारार्थी मान हलवली. मावशी म्हणाल्या, "माझ्या घरात खोटं बोलून शिरला तो. पोरीची सगळी खबर माझ्याकडून काढली. तुमची पोर असती तर हात लावायची वाट बघितली असती?"

त्या शिक्षकांना ठाण्यात बोलावून घेतलं. मी समोरच विचारलं, "मी कधी हो म्हटलं होतं?"

ते शांतपणे म्हणाले, "नाही तरी कुठे म्हणालीस? पेटी दिलीस. हसलीस."

मला वाटलं होतं, हा माणूस कारस्थानी असेल. पण मावशींना सांगितलेलं ते खोटं त्याला स्वतःला खरंच वाटत होतं. माझ्या एका आभारावर त्याने मनात सगळा संसार मांडला होता, आणि गावाने तो शिक्षक आहे म्हणून त्याला दार उघडून दिलं होतं. लबाड माणसाला मी एवढी घाबरले नसते.

गुन्हा नोंदवला गेला. पुढे त्यांची बदली झाली, लांब कुठेतरी. मावशी कित्येक दिवस माझ्याशी नजर मिळवत नव्हत्या. मीच एका संध्याकाळी त्यांच्या चुलीपाशी जाऊन बसले.

परवा दवाखान्यात नव्याने आलेल्या एका मुलाने सहज विचारलं, "ताई, उद्या मोखाड्याला कितीच्या गाडीने जाणार?" त्यालाही जायचं होतं, बाकी काही नाही. "उद्या मी जात नाही," असं मी सांगितलं, आणि सकाळी पहिल्या गाडीने गेले.