ढेकी बंद, पृथ्वी चालू

माझ्या बायकोच्या मामांइतका पृथ्वीवर जीव जडलेला माणूस पृथ्वीवर दुसरा झाला नसेल. आरमोरीत बाकीचे सगळे जमिनीकडे धानापुरतं पाहत. मामांना तिच्या पोटात शेकडो कोस खाली काय चाललंय याची काळजी. शाळेत ते भूगोल शिकवत, पण नकाशावरच्या डोंगरांना ‘वरची साल’ म्हणत. ताटातलं वरण थरथरलं तरी ओरडत, "कोणी हलू नका!" वरण गार व्हायचं आणि मामींचं डोकं तापायचं.

मागच्या खोलीत त्यांनी भूकंप टिपणारं यंत्र उभं केलं होतं. तुळईला टांगलेला जात्याचा दगड, त्याला सुई, आणि सुईखाली घड्याळाच्या चाकांवर फिरणारा, कंदिलाच्या काजळीने काळा केलेला कागद. एकदा सुई अशी थयथय नाचली की मामा धोतर सावरत रस्त्यावर धावले, "आला! आला!" आला काहीच नव्हता. शेजारची सरूबाई पायाने ढेकी दाबून धान कांडत होती.

त्यांना हवं होतं फक्त एक बिनचूक घड्याळ आणि चांगला कागद. त्यासाठी सरकारी अनुदान मिळावं म्हणून नागपूरला अर्जांवर अर्ज चालले होते. अखेर एका हिवाळ्यात साहेब तपासणीला येणार असल्याचं पत्र आलं आणि मामांनी ते गावभर वाचून दाखवलं! खळ्यातलं धान नुकतंच घरोघरी आलेलं, तरी गल्लीने ठरवलं, गुरुजींच्या इज्जतीचा सवाल आहे. साहेब असेपर्यंत एकही ढेकी चालणार नाही.

साहेब आले. सुईने सरळ रेघ ओढली. मग आणखी सरळ रेघ.

"हे बंद आहे का?" साहेबांनी विचारलं. मामांचा चेहरा उतरला. दारातून डोकावणाऱ्या सरूबाईला ते पाहवेना.

"बंद काऊन असंल? थांबा साहेब!" म्हणत ती धावली आणि ढेकीवर अशी तुटून पडली की सुई कागदाबाहेर गेली.

साहेब पोट धरून हसले. मग म्हणाले, "यंत्र चांगलं आहे. याने कोळसा सापडेल? लोखंड? तसं लिहून द्या, आजच शिफारस करतो."

मामा, हो म्हणा! मदतीला आलेला मी कोपऱ्यात उभा राहून मनातल्या मनात ओरडत होतो.

"नाई साहेब," मामा म्हणाले. "धरणी आतून कशी हाये, तेवढंच समजंल."

अनुदान आलं नाही. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता. आज त्या ‘नाई’चा अभिमान वाटतो. सरूबाईला मात्र वाटलं, घात आपल्या ढेकीनेच केला. दुसऱ्या दिवसापासून तिने भर दुपारी तासभर ढेकी बंद ठेवली, आणि तिचं पाहून साऱ्या गल्लीने. एका दुपारी कुठल्याशा दूरच्या भूकंपाची बारीक लहर कागदावर उमटली, तेव्हा मामा तो कागद घेऊन आधी तिच्याकडे पळाले. "पाह्य बाई, तू ढेकी थांबोली म्हणून हे दिसलं!"

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मामींनी तो दगड पुन्हा जात्यावर चढवला. पण सरूबाई अजूनही दुपारच्या त्या तासाला ढेकीवर पाय ठेवत नाही. मी एकदा तिला कारण विचारलं.

"गुरुजी आयकून राह्यले असतीन," ती म्हणाली.