आडवा शब्द, तीन अक्षरी

दादा मंगळवारी वारला. सकाळच्या पाळीला तो कारखान्यात गेला, आणि दुपारी त्याच्या विभागातले दोघे जण सायकलींवरून आमच्या चेरीतालच्या घरी आले. एवढं सगळ्यांना माहीत आहे. त्या सकाळी घरात काय झालं, ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — तुम्हाला सांगावं की नाही, हेही अजून ठरत नाही.

लढाई चालू होती. खिडक्यांच्या काचांना आम्ही काळा कागद चिकटवला होता. दादा तोफगोळ्यांत दारू भरायच्या विभागात होता. पाळ्या लांबल्या होत्या, सुट्टी अशी नव्हतीच. विरंगुळा एकच — नागपूरहून येणाऱ्या रविवारच्या पेपरातलं शब्दकोडं. कारखान्यात शिरताना काडेपेटी, पेन, नाणी, सगळं फाटकावर काढून ठेवावं लागे. म्हणून तो अडलेला एक शब्द डोक्यात घेऊन जायचा आणि संध्याकाळी सोडवून आणायचा. हे काही झडतीत सापडत नाही, म्हणायचा.

आमचा एक नियम होता — त्यानं विचारल्याशिवाय मी उत्तर सांगायचं नाही. नियम त्याचाच. वाचनात मी त्याच्या पुढे होते, आणि ते त्याला ठाऊक होतं.

त्या सकाळी एकच शब्द राहिला होता. आडवा, तीन अक्षरी, मधलं अक्षर 'व'. सूचना अशी — 'दिवा मालवताच घर सोडते.' ताट वाढलेलं होतं आणि तो पाटावर बसून पेपराकडे बघत होता. वहिनीनं दोनदा जेवा म्हटलं.

"सवत बसते का बघ," तो मला म्हणाला.

"बसलीच आहे," वहिनी चुलीजवळून म्हणाली. "हे कोडंच माझी सवत."

मला हसू आलं. त्यानं वर पाहिलं. "काहून हसून राहिली? येते का तुला?"

येत होतं. सावली — वाचल्याबरोबर सुचलं होतं. रोज रात्री दिवे मालवून बसणाऱ्या घराला ते सुचणारच, नाही का? मग त्याला का सुचलं नाही? तो दमलेला होता.

मी नाही म्हटलं.

का? आदल्या दिवशी शेजाऱ्यांसमोर तो म्हणाला होता, ही नुसती पुस्तकं वाचून राहिली, लग्नाचं वय निघून चाललं. एवढंच. मला वाटलं, अडू दे. दिवसभर अडू दे. आणि ते वाटणं — काय लपवू? — गोड होतं.

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. घासही न घेता तो उठला. सायकल काढताना म्हणाला, "चलो, संध्याकाळी आणतो सोडवून."

स्फोट कशानं झाला, ते कुणी सांगितलं नाही. त्या दिवसांत सांगत नसत. त्याचं लक्ष कुठे होतं? की कुणाचाच दोष नव्हता? मला कधीच कळणार नाही. पण मी सांगायला बसले आहे ते एवढंच नाही. याहून वाईट पुढे आहे.

आई त्या सकाळी नर्मदेवर स्नानाला गेली होती. परतल्यावर तिनं ते भरलेलं ताट पाहिलं. तेराव्यापर्यंत येईल त्याला ती सांगत राहिली — हिनं माझ्या पोराला उपाशी पाठवलं, उपाशी माणसाचा हात थरथरणार नाही तर काय? वहिनी ऐकून घ्यायची. एकदाच बोलली, भरल्या घरात.

"मी वेळेवर वाढलं होतं, आई. ते कोडं घेऊन बसले होते. वन्संना विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता — मग तू का नाही सांगितलंस, तुला तर सगळं येतं?

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी झोपले होते."

वहिनीनं मान खाली घातली.

त्यानंतर मरेपर्यंत आई तिच्या हातचं जेवली नाही. आईचं रांधणं मी केलं, वर्षानुवर्षं — लोक मला गुणाची मुलगी म्हणायचे, आणि मी म्हणू द्यायची. वहिनीनं मला कधी जाब विचारला नाही. आई गेल्यावर आम्ही दोघी मदन महाल भागात राहायला आलो. या पावसाळ्यात ती अंथरुणाला खिळली. एका दुपारी म्हणाली, "वन्सं, तो शब्द काय होता हो?"

घरात आम्ही दोघीच. ऐकणारं कुणी नव्हतं. आता कसली भीती होती मला? तो शब्द तोंडातून निघाला असता तर मागोमाग बाकीचंही निघालं असतं —

आठवत नाही, असं मी म्हटलं.

"अच्छा," ती म्हणाली, आणि भिंतीकडे वळली.

ती गेली. मांडणीवर तीन ताटं आहेत — दादाचं, तिचं, माझं. मी एकात जेवते.