खांबला बसवलेला गुडघा

आमच्या मुलीच्या कॉलेजची व्हॉलीबॉल टीम जिथे जाईल तिथे मी जायचो. खेळातलं फार कळतं असं मुळीच नाही. मीसुद्धा एके काळी पेणच्या कॉलेजच्या टीममध्ये होतो, पण माझं काम बाकावर बसून खेळणाऱ्यांची घड्याळं सांभाळायचं. ते मी चोख केलं, एकही घड्याळ हरवलं नाही. एवढ्या अनुभवावर मी पेणपासून रोह्यापर्यंतच्या सगळ्या मैदानांच्या कडेला उभा राहून पोरींना सल्ले द्यायचो.

टीमची लिफ्टर, म्हणजे नेटवर बॉल अलगद उचलून देणारी, धरमतरच्या खाडीकडची, मिठागरवाल्यांच्या घरातली. मॅच चालू असताना ती माझ्याकडे न बघता म्हणायची, "काका, तुमी जरा गप बसाल तर आमी जिकू." मी गप बसलो की त्या बहुतेक वेळा जिंकायच्या. तिने उचललेला बॉल आमची मुलगी मारायची. ती टीमची शूटर. घरात हाक मारली तर पाण्याचा तांब्या आणायला अर्धा तास लावणारी ही पोरगी नेटवर अशी वर जायची की मला आपोआप चवड्यांवर उभं राहायला व्हायचं.

मोसमातली शेवटची मॅच रोह्याला होती. ती वर गेली, बॉल मारला आणि खाली येताना पाय वळला. आवाज मला कडेपर्यंत ऐकू आला. मी स्प्रे घेऊन धावलो आणि घाईघाईत चांगल्या गुडघ्यावर मारला. ती ओरडली, "पप्पा, तो नाही." मग मी दुसऱ्यावर मारला, पण तोपर्यंत स्प्रे संपला होता.

पनवेलच्या डॉक्टरांनी एमआरआय काढायला लावला. पडद्यावर चित्र दाखवून ते म्हणाले, "हे बघा, लिगामेंट तुटलंय. हे आपोआप जुळत नाही. ऑपरेशन करून नवीन बसवावं लागेल. नीट व्यायाम केला तर पुढे खेळेलही."

"पुढे म्हणजे कधी?" मुलीने विचारलं.

"आठ-नऊ महिने तरी कोर्टवर पाय ठेवायचा नाही."

ती दुसऱ्या वर्षाला होती. आठ-नऊ महिने म्हणजे पुढचा सगळा मोसम, कॉलेजातला शेवटचा. आणि टीमच्या कोच मॅडमनी तिला सांगून ठेवलं होतं की पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या टीमच्या निवडीला तुला पाठवणार, तयारीत राहा. परतताना ती गाडीत मागच्या सीटवर पाय लांब करून बसली होती. वडखळच्या पुलापाशी ट्रॅफिक अडलं तेव्हा म्हणाली, "पप्पा, दुसरं काहीच नसेल का हो?"

मी म्हटलं, "बघतो ना."

हे मी आयुष्यात फार वेळा म्हटलेलं आहे. गॅसची शेगडी, वरच्या मजल्याची गळती, बायकोच्या भावाची नोकरी, सगळं मी बघतो म्हणून सांगितलं आणि बघत राहिलो. या वेळी मात्र मी खरंच बघितलं, हेच वाईट झालं.

माझी नोकरी रोह्याला. ऑफिसातल्या एकाचा मेहुणा सुपारीच्या झाडावरून पडला होता. त्याला खांब गावाजवळच्या वाडीतल्या एका हाडवैद्याने तीन पट्ट्यांत उभा केला, असं कळलं. मी घरी येऊन जाहीर केलं.

बायको म्हणाली, "हाड मोडलंय का तिचं?"

"ते शिरासुद्धा बसवतात."

"कोण म्हणालं?"

"ऑफिसात सगळे म्हणतात."

"तुमच्या ऑफिसात गेल्या उन्हाळ्यापासून एक पंखा बसवता येत नाहीये," ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली. मुलगी मात्र माझ्याकडे बघत होती. तिला जे ऐकायचं होतं ते मी बोललो होतो.

पेण ते खांब हा महामार्ग ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. डॉक्टरांनी गुडघा हलू देऊ नका म्हणून बजावलं होतं, पण ते महामार्गाला कोणी बजावलं नव्हतं. लिफ्टर पोरगी सोबत आली होती. मैत्रिणीचा पाय मांडीवर घेऊन ती मागे बसली होती आणि दर खड्ड्याला मला सुनावत होती. "काका, खड्डा चुकवताव का शोधून काढताव?"

हाडवैद्य अंगणात खाटेवर बसले होते. माझ्या पुढे एक म्हातारी मनगट धरून बसली होती आणि एक गृहस्थ बकरी घेऊन आले होते. मला वाटलं बकरी फी म्हणून आणलीय. तसं मी त्यांना विचारलंही. ते फारच दुखावले. बकरीचाच पाय मोडला होता.

आमचा नंबर आला. त्यांनी गुडघा दाबला, फिरवला. मुलीने लिफ्टरचा हात धरून डोळे मिटले. "शीर चढलीय," ते म्हणाले. अंड्याच्या पांढऱ्यात कालवलेला काळपट लेप लावला, वर पाला, वर बांबूच्या कामट्या, वर घट्ट पट्टी. वास असा की येताना काचा उघड्या ठेवाव्या लागल्या.

मी विचारलं, "उडी मारेल ना पहिल्यासारखी?"

ते म्हणाले, "उडी कशाला मारायची गो पोरीच्या जातीनं? बसून खेलायचा कायतरी."

मी हसलो. म्हटलं, "कॅरम." ते पण हसले. मारेल असं ते बोलले नाहीत, मारणार नाही असंही बोलले नाहीत. गाडी सुरू करेपर्यंत मी त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावून टाकला होता.

पट्ट्या झाल्या. परीक्षा झाल्या. मे महिन्यात सकाळी कॉलेजच्या मैदानावर टीमचा सराव सुरू झाला तेव्हा आमची मुलगी एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची आणि दुसऱ्या खुर्चीवर पाय ठेवायची. लिफ्टर तिला बसल्या जागी बॉल उचलून द्यायची आणि ही बसूनच मारायची, इतक्या जोरात की खुर्ची मागे सरकायची. सूज उतरली होती. लंगडणं गेलं. जूनमध्ये ती जिना चढायला लागली, तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले. बकरीचा किस्सा मी इतक्यांदा सांगितला की लोक मला बघून बकरीचा आवाज काढायला लागले. मला त्यात मजा वाटायची. माझ्या शब्दावर दोन जण खांबला जाऊन पट्टी बांधून आले. त्यांचं काय झालं मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

टीमची अवस्था मात्र वाईट होती. मोसम नसला की टीम वितळते. एक पोरगी गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला लागली. तिथे गणपती जवळ आले की माणसाला मान वर करायला फुरसत नसते. एकीला रोह्याकडे कंपनीत शिफ्टचं काम मिळालं. तिसरी निडीहून यायची, तिला घरी भाताची लावणी होती. सरावाला कधी पाच, कधी चार. मॅडम शिट्टी गळ्यात अडकवून गेटकडे बघत उभ्या राहायच्या.

पाऊस लागला, मैदानात पाणी भरलं. मॅडमनी ओळखीतून एक मंगल कार्यालय मिळवलं. चातुर्मासात तिथे कोण लग्न लावणार? स्टेजवर नवरानवरीच्या सिंहासनासारख्या खुर्च्या चादरीने झाकून ठेवलेल्या, खाली गुळगुळीत लाद्या, वर पंखे. बॉल पंख्याला लागला की सगळ्या खाली बसायच्या.

त्या हॉलच्या दारात मॅडमनी मला गाठलं. मुलगी शेजारच्या बाकावर बूट बांधत होती.

"काका, ती म्हणते उद्यापासून खेळते. मलाही पोरी कमी पडतायत, खोटं कशाला बोलू. पण डॉक्टरांनी परवानगी दिलीय ना?"

"दिलीय," मी म्हटलं.

मुलीचे हात बुटाच्या नाडीवर थांबले. तिने वर बघितलं, मग पुन्हा खाली बघून गाठ मारली.

पहिल्या दिवशी ती जपून खेळली. दुसऱ्या दिवशी नेटवर आली. लिफ्टरने बॉल उचलला, तसाच, तिच्या आवडीच्या उंचीवर, आणि ती वर गेली. मी दारात उभा होतो. मी चवड्यांवर उभा राहिलो. बॉल पलीकडच्या लादीवर असा आपटला की स्टेजवरच्या खुर्च्या हादरल्या. पोरी ओरडल्या. मी मनात म्हटलं, बघ, पनवेलच्या डॉक्टरा.

आठवडाभर असं चाललं. मग एका सकाळी ती उतरली आणि गुडघा आतल्या आत निसटला. या वेळी आवाज झाला नाही. ती पडलीही नाही, लिफ्टरने तिला काखेत धरलं. मी स्प्रेची पिशवी घेऊन धावलो.

लिफ्टर म्हणाली, "काका, स्प्रे नको. आता तुमी काय करू नका."

पनवेलच्या डॉक्टरांनी मला झाडलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी नवीन एमआरआय जुन्याशेजारी लावला आणि माझ्याशी न बोलता तिच्याशी बोलले. तुटलेल्या लिगामेंटवर उड्या मारल्यामुळे आतली गादी फाटून चुरा झाली होती, हाडाचा पृष्ठभागही खरवडला होता. "ऑपरेशन करू. चालशील नीट, जिना चढशील, गाडी चालवशील. उड्यांचा खेळ आता नाही."

"पुढच्या वर्षी?"

"नाही, बेटा."

"त्याच्या पुढच्या?"

डॉक्टर नाही म्हणाले. तिने मान हलवली, बसचं वेळापत्रक विचारून घेतल्यासारखी. गाडीत मी काहीतरी विनोद केला. कोणता ते आठवत नाही. वडखळ आलं आणि गेलं.

ऑपरेशन झालं. गणपती आले, गेले. घरात आम्ही तिघांनी आरत्या म्हटल्या. ती खुर्चीवर बसून टाळ वाजवत होती आणि ठेका चुकत नव्हता. बायकोने मला एका शब्दाने बोल लावला नाही. फक्त ऑफिसात पंखा लागला का, असं एकदा विचारलं. लागला होता.

मोसम सुरू झाला. पहिली मॅच पुन्हा रोह्याला. कारखान्यातली पोरगी परत आली होती, तिला शूटर केलं होतं. आमची मुलगी काठी टेकत आली आणि मांडवात खुर्चीवर बसली. मॅच सुरू झाली. लिफ्टरने पहिलाच बॉल उचलला तो जुन्याच उंचीवर. नवी पोरगी तिथपर्यंत पोचलीच नाही. बॉल नेटच्या कडेने खाली आला. दुसऱ्यांदा तेच झालं. मग लिफ्टरने बॉल खाली, बुटका द्यायला सुरुवात केली.

मला ते बघवेना. मी मांडवाच्या मागे चहाच्या टेबलापाशी गेलो. समोरच्या कॉलेजचे दोन पालक उभे होते. ओळख झाली, आणि काय झालं कळलं नाही, मी हाडवैद्याचा किस्सा सुरू केला. महामार्ग, खड्डे, बकरी. ते पोट धरून हसले. एकाच्या कपातला चहा सांडला. मला बरं वाटलं, खूप दिवसांनी.

मागे वळलो तर मुलगी काठी टेकून उभी होती. पाणी घ्यायला आली असावी.

ते दोघे गेल्यावर ती म्हणाली, "बकरीपाशी का थांबता? पुढचं पण सांगा."

"पुढचं काय?"

"मंगल कार्यालयाच्या दारातलं. मॅडमना काय सांगितलंत ते."

मी टेबलावर सांडलेला चहा रुमालाने पुसू लागलो.

"मी पण तिथेच होते म्हणा. मी गप बसले, नाडी बांधत. तेही सांगा. मला खेळायचं होतं." तिचा आवाज चढला नव्हता. "मला वाटलं, पप्पा बोलतायत तर त्यांना माहीत असेल."

एवढं बोलून ती ग्लासभर पाणी प्यायली. टीम मॅच हरली. परतताना तिने पेणपर्यंत खिडकीबाहेर बघितलं. घरी आल्यावर आईला म्हणाली, "मी आता मॅचला जाणार नाही. पप्पांना जायचं तर जाऊ दे."

पुढच्या मॅचला मी गेलो. घरी बसवेना म्हणून गेलो. मैदानाच्या कडेला उभा राहिलो, सल्ला कोणालाही दिला नाही. मॅडमनी नमस्कार केला आणि दुसरीकडे बघितलं. मॅचच्या आधी लिफ्टर धावत आली.

"काका, ती फोन उचलत नाय माझा."

मी म्हटलं, "अगं, आम्ही एका घरात राहतो, तरी माझाही उचलत नाही."

ती हसली नाही. एरवी माझ्या कुठल्याही फालतू बोलण्यावर ती आधी हसायची आणि मग मला गप करायची. या वेळी तिने मला गपही केलं नाही. बॉल या हातातून त्या हातात करत राहिली. मग मॅडमनी शिट्टी मारली आणि ती कोर्टवर गेली.