तिनं न पाहिलेला नवरंग

मेलेल्या बाईचा मत्सर करू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांना एकदा तिच्या नवऱ्याबरोबर रानात पाठवायला हवं होतं.

मी बिजवराला दिलेली. माहेर खालापूरकडचं, भातशेतीचं. सासर कर्जतचं, नवरा शाळेत मास्तर. पहिली तापानं गेली आणि वर्षाच्या आत मी तिच्या चुलीपुढं बसले. लग्नाच्या दिवशी सासूबाईंनी माझ्या गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला सवतीचा टाक बांधला. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उठवलेली बाईची आकृती. ती म्हणजे पहिली. तिला कायम गळ्यात वागवायचं, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, सणाला पहिलं कुंकू तिला लावायचं. "तिला इसरलीस तर ती तुला सुखानं नांदू द्यायची नाय," सासूबाई म्हणाल्या. मी म्हटलं, बरं. टाकाचं मला काही वाटलं नाही. गळ्यातली बाई निदान गप्प तरी असते.

बोलायचे ते हे.

यांना पाखरांचं वेड. रविवारी उजाडायच्या आत उठायचं आणि माथेरानच्या पायथ्याचं रान गाठायचं. दिवस लढाईचे, घरोघरी धान्याची भ्रांत. अशात मास्तर बायकोला घेऊन पाखरं बघायला निघाले म्हटल्यावर बायाबापड्या तोंडाला पदर लावून हसल्या असत्या. म्हणून मी हातात कोयता आणि डोक्यावर चुंबळ घेऊन निघायची, लाकडांना चालल्यासारखी. गावाची शीव ओलांडेपर्यंत हे पुढं, मी मागं, जशी काही ओळखच नाही. ओढा पार केला की हे थांबायचे, आणि मग आम्ही बरोबरीनं चालायचो. खोटं कशाला बोलू, तेवढ्यासाठी मी आठवडाभर वाट बघायची. घरात सासूबाईंच्या देखत हे माझ्याशी "पाणी दे" यापलीकडं बोलत नसत.

पण रानात तोंड उघडलं की तीच. "ह्या उंबरावर तिनं धनेशाची जोडी पाहिली." "त्या कळकाच्या बेटात तिला लांब पांढऱ्या शेपटीचं पाखरू दिसलं, केवढी हरखली होती!" तांबट म्हणा, हळद्या म्हणा, कोतवाल म्हणा, सगळं तिचं आधीच बघून झालेलं. मी काही दाखवलं की हे हसून मान हलवत, "हो, तिलाही तो आवडायचा." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. अगं बाई, जाताना माझ्यासाठी एखादं पाखरू तरी मागं ठेवायचंस! एकदा तर खंड्या बघायच्या नादात यांनी मला तिच्याच नावानं हाक मारली, आणि यांच्या ते ध्यानातही आलं नाही. मी ओ दिली. काय करते?

मग एकदा ठाकूरवाडीच्या बाजूला, दरडीवर भाकरी खायला बसलो असताना यांच्याच तोंडून निघालं की नवरंग तेवढा तिला कधी दिसला नाही. दरवर्षी मृगाच्या तोंडावर तो ह्या रानात येतो, पहाटे आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची शीळ घालतो, पण वावरतो खाली पाचोळ्यात, त्यामुळं सापडत नाही. शीळ ऐकून ती वेडी व्हायची म्हणे.

मी घास हातात तसाच धरून बसले. नाही दिसला? बरं झालं! मला दागिना नको होता, लुगडं नको होतं. एक पाखरू हवं होतं, जे तिचं नव्हतं, आणि ते यांना मी दाखवायला हवं होतं. मग तरी यांना रानात माझी आठवण झाली असती.

ज्येष्ठ लागला, आभाळ भरून यायला लागलं. शनिवारी संध्याकाळी हे शीळ ऐकून आले. रविवारी पहाटे न्हाणीत मी गळ्यातला टाक सोडला आणि देव्हाऱ्यात देवांच्या मागं सारला. म्हटलं, आज घरी बस तू. आजचं रान माझं. सासूबाईंचे शब्द आठवले, पण गंमतही वाटली. त्याचा मला आजही पस्तावा नाही.

कोरड्या ओहळाच्या काठी आम्ही दबा धरून बसलो. शीळ एकदा इकडून यायची, एकदा तिकडून. हे शिळेमागं मान वळवत होते. मी पाचोळ्यावरची नजर हलवली नाही. आणि पाचोळा उडाला. आखूड शेपटी, हिरवट पाठ, टुणकन एक उडी. मी यांचा दंड घट्ट धरला आणि बोट दाखवलं.

यांनी पाहिलं. तोंड उघडंच राहिलं. मी मनात म्हणत होते, आता बोला. म्हणा, हे तू दाखवलंस. बघता बघता यांचे डोळे भरून आले. पाखरावरची नजर न काढता यांनी हात माझ्या गळ्याकडं आणला आणि हे कुजबुजले, "टाक बाहेर काढ. तिला बघू दे."

हे! एरवी टाकाला चांदीचा तुकडा म्हणून हसणारे मास्तर!

बोटं मंगळसूत्राभोवती फिरली, टाक काही सापडेना. तेव्हा यांनी माझ्याकडं बघितलं.

"नाही आणलं तिला," मी म्हटलं. हळू बोलायचं भानच राहिलं नाही. "घरी ठेवलंय. जिथं तिथं ती कशाला? हे पाखरू मी शोधलंय, मी!"

नवरंग भुर्रकन उडाला.

यांनी माझ्या गळ्यावरचा हात काढून घेतला. मला वाटलं, झालं, आता उठतील, घरी नेतील आणि पुन्हा कधी मला रानात आणणार नाहीत. चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. पण ते एवढंच म्हणाले, "निदान तू तरी नीट पाहिलास ना? शेपटीखालचा लाल रंग? पंखावरचा निळा?"

मी आठवायला गेले. पाठ हिरवट. त्याच्या पुढं काही येईना. इतक्या जवळ येऊन पाखरू नाचून गेलं, आणि नवांतला एकच रंग मला सांगता येत होता.

"मग इतका वेळ बघत काय होतीस?"

"तुमचं तोंड," मी म्हटलं. "तिची आठवण आली की ते कसं होतं, ते."